हे खेळणं आधी कुणासाठी बनलं होतं?

परवा ओळखीतल्या एका ताईंचा फोन आला. मुलगा पाच वर्षांचा. अजून बोलत नाही, मिक्सर लागला की कान झाकतो, हाताला ओला भात लागला की रडून गोंधळ घालतो. कुणीतरी त्यांना ‘सेन्सरी खेळणी’ घ्यायला सांगितलं. मोबाईलवर किमती पाहिल्या आणि त्यांनी विषयच बंद केला. म्हणाल्या, “दादा, हे आपल्यासारख्यांसाठी नसतंच ना?”

ताई, हे आधी तुमच्याच लेकरासाठी होतं. त्याचीच ही गोष्ट.

इ. स. १८०० च्या सुमारास फ्रान्सच्या जंगलात एक न बोलणारा मुलगा सापडला. डॉ. इटार्ड यांनी त्याला स्पर्श, आवाज, ऊन-थंड यांतून शिकवायचा प्रयत्न केला. त्यांचे शिष्य सेगाँ यांनी ‘मतिमंद’ म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांसाठी हाताने हाताळायची साधनं तयार केली. पुढे रोममध्ये डॉ. मारिया माँटेसरींनी वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेली मुलं पाहिली. त्यांच्या हाताला खेळायला काहीच नव्हतं. सेगाँचा अभ्यास करून माँटेसरींनी १९०० मध्ये अशा मुलांच्या शाळेत लाकडी अक्षरांसारखी हाताळायची साधनं वापरली. मुलं शिकली. मग १९०७ मध्ये त्यांनी हीच साधनं गरीब वस्तीतल्या इतर मुलांना दिली. म्हणजे आज शहरातल्या महागड्या नर्सरीत जे साहित्य दिसतं, त्याचं मूळ दिव्यांग मुलांच्या वर्गात आहे!

आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला हे काम केलं. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. पण ताराबाईंना प्रश्न पडला, ही विदेशी साधनं खेड्यात परवडणार कुणाला? १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, पुढे १९५७ मध्ये कोसबादला. सोबत अनुताई वाघ होत्या. आदिवासी पाड्यांत त्यांनी शिंपले, खडे, बिया, पानं हेच साहित्य केलं आणि शाळा मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथूनच आला.

आता आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे या. वरोऱ्याजवळ बाबा आमटेंनी १९५१ मध्ये आनंदवन उभं केलं. ज्यांना समाजाने टाकून दिलं त्यांच्या हातांना काम दिलं, तर त्या हातांतून काय उभं राहतं हे तिथं दिसलं. अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळाही तिथं झाल्या. चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. गावोगावी बुरड कारागीर आहेत. तान्हा पोळ्याला लाकडी नंदी करणारे सुतार आहेत. साहित्य दारात आहे. कमी आहे ती निवड करायच्या नजरेची.

ती नजर कशी आणायची? खेळणं बघण्याआधी लेकरू बघा. जे सतत उड्या मारतं, धडकतं, त्याला ओढायला-ढकलायला जड काही द्या. धान भरलेली टोपली किंवा चाकाचा नंदी चालतो. ज्याला ओलं-चिकट सहन होत नाही, त्याला आधी कोरडे तांदूळ, मग वाळू, आणि ओला गोळा सगळ्यात शेवटी. तेही जबरदस्ती न करता. आवाजाने घाबरणाऱ्याला वाजणारं-चमकणारं खेळणं नको. त्याला शांत, एकाच रंगाचं द्या. कमी दिसणाऱ्याला बांबूचा खुळखुळा आणि वेगवेगळ्या विणीच्या टोपल्या द्या. लेकराने तोंड फिरवलं, कान झाकले, की थांबायचं. ते त्याचं ‘नको’ आहे.

दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. रानातलं सगळंच निर्धोक नसतं. गुंजेची बी विषारी असते, बिब्ब्याने कातडी भाजते. ही दोन्ही खेळात नकोतच. आणि जे मूल वस्तू तोंडात घालतं, त्याच्यासमोर चिंचोके, सागरगोटे असं काहीच सुटं ठेवू नका. बांबूची कूस घासून काढा. खेळण्याने आजार बरा होत नाही, पण शिकायची वाट सोपी होते. म्हणून तपासणी चुकवू नका. अंगणवाडीताईंना किंवा शाळेला विचारा, त्या जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकतात.

आता आपला सगळ्यांचा मुद्दा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो कुठं गेला, हे किती ग्रामसभांत विचारलं जातं? खरेदी झालीच तर सगळ्यांना एकच पेटी येते. बघणाऱ्यालाही तीच, न बघणाऱ्यालाही तीच. ती कपाटात राहते. त्यापेक्षा पालक, अंगणवाडीताई, थेरपिस्ट आणि गावचा बुरड एकत्र बसवा. लेकरू बघून खेळणं ठरवा आणि पैसा गावातच राहू द्या.

ताराबाईंनी ८० वर्षांपूर्वी पाड्यावर हे करून दाखवलं. आपल्याला तर जंगल अंगणातच आहे.

पुढच्या ग्रामसभेत एकाने तरी उठून विचारा. काय उत्तर मिळालं ते इथं लिहा.