ब्रिगेडियर म्हणजे नाईक?

बंगळूरच्या जुन्या छावणीत हिंडताना रस्त्यांच्या नावांतच अख्खं सैन्य भेटतं. १८०९ मध्ये इंग्रजांनी आपलं ठाणं श्रीरंगपट्टणहून इथे हलवलं आणि पुढे ब्रिगेड रोड, इन्फन्ट्री रोड, आर्टिलरी रोड, कॅव्हलरी रोड अशी नावं पडत गेली. (कॅव्हलरी रोडचा आता कामराज रोड झालाय.) आपण ही नावं इंग्रजी समजतो. खरं तर ही सगळी मंडळी फ्रेंचांकडून इंग्रजीत आलेली. लेफ्टनंट आणि कर्नलही त्यांच्याचबरोबर.

मग फ्रेंच बोलणाऱ्याला इंग्रजी लष्करी शब्द सोपे जात असतील? मलाही तसंच वाटायचं. माझ्या इथल्या पोस्टिंगच्या काळात आफ्रिकेतल्या एका फ्रेंचभाषिक देशाचा कॅप्टन कोर्ससाठी आला होता. मोठा सज्जन गडी. एक दिवस त्याने हळूच विचारलं, ‘तुमच्याकडे ब्रिगेडियरच्या गाडीला एवढा कडक सॅल्यूट का ठोकतात?’

त्याचा प्रश्न रास्त होता. फ्रेंच घोडदळात आणि तोफखान्यात ब्रिगेडियर म्हणजे पायदळातल्या कॉर्पोरलच्या बरोबरीचा जवान. आपल्या हिशेबाने नाईकाच्या आसपास. जुन्या फ्रेंच घोडदळात मूठभर स्वारांच्या टोळीलाही ब्रिगेड म्हणत आणि तिचा म्होरक्या तो ब्रिगेडियर. मोठ्या फौजेत अनेक पलटणी एकत्र आल्या की तीही ब्रिगेडच. इंग्रजांनी हा दुसरा अर्थ उचलला, तोच आपल्याकडे आला.

गंमत इथेच संपत नाही. त्यांचा ‘कमांडंट’ हा एक हुद्दा आहे, आपल्या मेजरच्या तोडीचा. आपल्याकडे कमांडंट ही नेमणूक. म्हणजे इथल्या मद्रास इंजिनिअर ग्रुपच्या सेंटरचे कमांडंट ब्रिगेडियर असतात, हे साधं वाक्य त्या कॅप्टनने फ्रेंच कानाने ऐकलं, तर एक नाईक मेजरच्या हुद्द्यावर बसलाय असं ठरतं! त्यांचा आजचा ‘मेजर’ अधिकारी नसतोच, तो अधिकाऱ्यांखालच्या श्रेणीतला सर्वांत वरचा माणूस. आपले सुभेदार मेजरसाहेब आठवावेत असा. आणि आपला अ‍ॅडज्युटंट युनिटमधला तरुण अधिकारी, तर त्यांचा ‘अडजुदां’ जेसीओंच्या जवळपासचा अनुभवी माणूस.

हसण्यावारी नेण्यासारखं हे नाही. काँगोची राज्यभाषा फ्रेंच. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आपली ब्रिगेड तिथे गोमा भागात वर्षानुवर्षं होती. अशा ठिकाणी रेडिओवर ‘ब्रिगेडियर जखमी’ एवढाच निरोप आला, तर सेक्शनमधला माणूस पडलाय की फॉर्मेशनचा प्रमुख, हे ऐकणाऱ्याच्या भाषेवर ठरणार. त्या कॅप्टनला मी एकच युक्ती सांगितली: हुद्द्याचं नाव ऐकून थांबू नकोस, त्याच्या हाताखाली माणसं किती ते विचार.

आपण मराठी माणसांनी याचं नवल करू नये. महादजी शिंद्यांची कवायती फौज उभी करणारा द ब्वान्य (आपल्या पुस्तकांतला डी बॉईन) सव्हॉयमधल्या शांबेरीचा, फ्रेंच बोलणारा. त्याच्या ब्रिगेडला मराठीत ‘कंपू’ म्हणत. तोफा, पलटणी, सगळा सरंजाम असलेला कंपू. आज कंपू म्हणजे ऑफिसात कोपऱ्यात कुजबुजणारे चारजण. ‘गारदी’चं तर त्याहून वाईट झालं. मूळ शब्द युरोपी ‘गार्द’, म्हणजे पहारा. बुसीच्या हाताखाली तयार झालेल्या इब्राहिमखानाचे गारदी १७६१ मध्ये पानिपतावर शर्थीने लढले. पुढे बाराच वर्षांनी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि मराठी कानाला गारदी म्हणजे मारेकरी झाला. पानिपतावर पडलेल्यांवर हा अन्यायच आहे, असं मला नेहमी वाटतं.

कॅप्टनच्या वहीत आणखी एक जोडी होती: ऑर्डनन्स आणि ऑर्डिनन्स. पहिला तोफा-दारूगोळ्याचा, दुसरा अध्यादेशाचा. खडकी-देहूरोडकडेही ‘ऑर्डिनन्स फॅक्टरी’ म्हणणारे कमी नाहीत. फरक एका ‘इ’चा, आणि दोघांचं मूळ एकच, फ्रेंच ‘ऑर्दोनांस’. पण खुद्द फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ सरकारी हुकूम, डॉक्टरची चिठ्ठी, आणि पूर्वी साहेबाचा अर्दलीसुद्धा. तोफ तेवढी नाही.

उलट्या दिशेने गेलेलं एक नाव मात्र याच शहराचं. १९१२ मध्ये इथे मद्रास सॅपर्समधल्या कॅप्टन मॅक्लिंटॉक यांनी काटेरी तारा उडवण्यासाठी लांब नळीत स्फोटकं भरून एक साधन तयार केलं. तेच बँगलोर टॉर्पेडो. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर अमेरिकन सैनिकांनी याच नळ्यांनी तारा फोडल्या. आता फ्रेंचमध्ये ‘तॉर्पेदो’ म्हणजे उघड्या टपाची जुनी मोटार! हे सांगितल्यावर कॅप्टन इतका हसला की मेसमधले सगळे वळून बघायला लागले. मग त्याने वहीत टॉर्पेडो खोडलं आणि नुसतं ‘बँगलोर’ लिहिलं.