पालकांच्या मोटारीचा विमा व तरुण चालक (भारत)

भारतात खाजगी मोटारीचा विमा नोंदणीकृत मालकाच्या नावे व त्या विशिष्ट वाहनापुरता असतो. त्यामुळे आईवडिलांची मोटार चालवणाऱ्या मुलामुलींना सामान्यतः वेगळी पॉलिसी घ्यावी लागत नाही. मात्र मालकाला मिळणारे सर्व संरक्षण अशा चालकाला आपोआप मिळत नाही.

त्रयस्थ पक्ष विमा
‘थर्ड पार्टी’ या नावाने प्रचलित असलेला हा विमा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार सक्तीचा आहे. मालकाच्या संमतीने वाहन चालवणाऱ्या परवानाधारकाकडून इतरांची हानी झाल्यास भरपाई विमा कंपनी देते. खाजगी मोटारीसाठी या विम्याचा हप्ता इंजिनाच्या क्षमतेवर ठरतो. चालकाच्या वयाचा त्याच्याशी संबंध नसतो. मुलाच्या हातून स्वतःच्या मोटारीचे नुकसान होऊन सर्वंकष पॉलिसीतून दावा केल्यास पालकांची ‘नो क्लेम बोनस’ ही सवलत सामान्यतः जाते. ही सवलत कमाल ५० टक्क्यांपर्यंत असते.

परवान्याची अट
शिकाऊ परवाना असल्यास शेजारी पक्का परवाना असलेला मार्गदर्शक बसणे आणि वाहनावर ‘एल’ फलक लावणे आवश्यक असते. चालकाकडे वैध परवाना नसेल, तर त्रयस्थाला दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करण्याची मुभा न्यायालय विमा कंपनीला देऊ शकते. तथापि, ‘नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्णसिंग’ (२००४) या निकालानुसार अटीचा भंग मालकाच्या हेतुपुरस्सर कृतीने वा निष्काळजीपणाने झाला, हे कंपनीने सिद्ध करावे लागते.

वैयक्तिक अपघात संरक्षण
मालक-चालकाचे १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण केवळ नोंदणीकृत मालकाला लागू होते. मोटार चालवणारा त्याचा मुलगा वा मुलगी त्यात मोडत नाही. ‘निंगम्मा विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स’ (२००९) या खटल्यात, दुसऱ्याचे वाहन मागून घेऊन चालवणारा मालकाच्या जागी येतो, त्यामुळे तत्कालीन कलम १६३-अ खाली त्याच्या वारसांना भरपाई मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. ही उणीव भरून काढण्यासाठी अतिरिक्त हप्ता भरून मुलाच्या नावे वैयक्तिक अपघात संरक्षण घेता येते.

अल्पवयीन चालक
मोटार चालवण्यासाठी किमान वय १८ वर्षे आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला अथवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. गुन्हा आपल्या नकळत घडला किंवा तो टाळण्यासाठी योग्य ती दक्षता घेतली होती, हे सिद्ध केल्यास पालकाची शिक्षेतून सुटका होऊ शकते.