'भरधाव' म्हणजे ताशी किती?

महाराष्ट्रातल्या कोणत्याही पोलीस ठाण्यात अपघाताची फिर्याद वाचली, तर एक वाक्य हमखास सापडते. चालकाने आपले वाहन 'भरधाव वेगात, हयगयीने, निष्काळजीपणे, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून' चालवले. वाक्य इतके घोटून गुळगुळीत झाले आहे की लिहिणाऱ्याचा हात ते आपोआपच लिहीत असावा. मला मात्र त्यातला पहिला शब्द नेहमी अडवतो. भरधाव म्हणजे ताशी किती? हा शब्द घोड्याच्या काळातला. १९९८ साली 'कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही जवळपास हाच प्रश्न केला. ट्रक मोठ्या वेगात होता एवढ्या साक्षीवरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, 'मोठा वेग' ही सापेक्ष गोष्ट आहे, असे म्हणून आरोपीची सुटका कायम झाली. विशेषणाची जागा आकड्याला द्यायची, तर तो आकडा आणायचा कुठून? या शोधाला सव्वाशे वर्षांहून मोठा इतिहास आहे आणि त्याची सुरुवात लंडनमध्ये होते.

१७ ऑगस्ट १८९६. क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची ४४ वर्षांची बाई आपल्या मुलीबरोबर एका मेळाव्याला आली होती. तिथे एक कंपनी लोकांना मोटारीच्या फेऱ्या मारून दाखवत होती. त्यातल्या एका गाडीखाली ती सापडली आणि मरण पावली. ब्रिटनमध्ये मोटारीखाली पादचारी मेल्याची ही पहिली नोंद मानली जाते. चौकशी झाली तेव्हा एका साक्षीदाराने सांगितले, गाडी आगीच्या बंबासारखी बेफाम सुटली होती. (तेव्हाचे बंब घोडे ओढत, म्हणजे हीसुद्धा 'भरधाव'च.) चालक म्हणाला, वेग ताशी चार मैल होता, म्हणजे माणसाच्या झपाझप चालण्याइतका. गाडीत बसलेल्या एका तरुणीने सांगितले की, वेग वाढावा म्हणून चालकाने यंत्रात काहीतरी फेरफार केला होता. गाडी तपासणाऱ्याने सांगितले, हिचा पट्टाच असा आहे की साडेचार मैलांच्या वर ती जाऊच शकत नाही. ज्यूरी सहा तास बसली आणि 'अपघाती मृत्यू' असा निर्णय देऊन उठली. असा प्रकार पुन्हा कधी घडू नये, अशी आशा कॉरोनरने व्यक्त केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात नवा कायदा अमलात आला आणि वेगाची मर्यादा ताशी १४ मैलांवर गेली.

त्या ज्यूरीपुढे रस्त्याचे मोजमाप आले असते तर? गणित तर तयार होते, तेही सव्वादोनशे वर्षांपासून. दोन वस्तू एकमेकींवर आदळल्यावर काय होते, हा प्रश्न लंडनच्या रॉयल सोसायटीने १६६८ साली विद्वानांपुढे ठेवला होता आणि वॉलिस, रेन व हायगेन्स या तिघांनी उत्तरे पाठवली होती. संवेगाच्या अक्षय्यतेचा नियम शाळेत आपण जो घोकतो, तो त्याच मालिकेतला. पण लाकडी गोळ्यांसाठी मांडलेला नियम चुरगळलेल्या पत्र्याला लावायचा, तर आधी कोणीतरी टेप घेऊन रस्त्यावर उतरायला हवे. ते काम शिस्तीने सुरू झाले अमेरिकेत. १९३६ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात वाहतूक संस्था निघाली आणि जे. स्टॅनर्ड बेकर यांच्यासारख्या अभियंत्यांनी पोलिसांना अपघाताची जागा वाचायला शिकवले.

त्यातली सर्वांत साधी खूण म्हणजे टायरचे काळे ओरखडे. करकचून ब्रेक दाबला की चाके फिरायची थांबतात, गाडी घसरत जाते आणि तिची गतिज ऊर्जा घर्षणात संपते. ओरखड्याची लांबी आणि रस्त्याचे घर्षण माहीत असेल, तर वेग काढता येतो. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.७ धरला आणि गाडी २० मीटर घसरून थांबली असेल, तर सुरुवातीचा वेग ताशी साधारण ६० किलोमीटर निघतो. ओरखडा चौपट, म्हणजे ८० मीटर असेल, तर वेग दुप्पट. मात्र पाऊस पडून गेलेला असेल आणि घर्षणांक ०.४ असेल, तर त्याच २० मीटरमधून ४५ निघतात. म्हणजे पंचनाम्यात 'रस्ता ओला होता' एवढे तीन शब्द राहून गेले, तर हिशेबात पंधरा किलोमीटरची चूक होते. एखाद्याच्या शिक्षेइतका हा फरक आहे.

दुसरी खूण मला त्याहून लोभस वाटते. रात्रीच्या अपघातात 'समोरच्याचे दिवे बंद होते' हा वाद नेहमीचाच. जुन्या दिव्यांमधली टंगस्टनची तार त्याचा निकाल देते. दिवा चालू असेल तर तार तापून मऊ झालेली असते आणि धक्क्याने ताणली जाते, वाकडीतिकडी होते. दिवा बंद असेल तर ती थंड आणि ठिसूळ असते, ती काडकन तुटते. तापलेल्या तारेवर काच फुटली, तर काचेचे बारीक कण वितळून तिला चिकटतात. सगळे साक्षीदार फितूर झाले तरी ही केसाएवढी तार सूक्ष्मदर्शकाखाली आपले म्हणणे बदलत नाही.

संगणक या गोष्टीत आला तो सिनेमाच्या वाटेने, असे म्हटले तर फारसे वावगे होणार नाही. बफेलो शहरातल्या कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत रेमंड मॅकहेन्री यांनी रस्त्यावरून घसरणाऱ्या, उडणाऱ्या मोटारीचे गणिती प्रतिरूप तयार केले होते. उद्देश होता महामार्गावरच्या कठड्यांची रचना सुधारण्याचा. पण त्याच प्रतिरूपावरून एक कसरत बेतली गेली. उतरंडीवरून उडालेली मोटार हवेत स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घेते आणि पलीकडे चारही चाकांवर उतरते. १९७२ साली ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये ती लोकांसमोर झाली आणि १९७४च्या 'द मॅन विथ द गोल्डन गन' या जेम्स बाँडपटात तुटक्या पुलावरून थायलंडमध्ये चित्रित झाली. तोल साधावा म्हणून चालकाला गाडीच्या मधोमध बसवले होते. एकाच टेकमध्ये काम फत्ते झाले. (नंतर त्या दृश्यावर शिट्टीचा विनोदी आवाज चढवून त्याची रया घालवली, ते सोडा.) अजून घडलेले नाही ते संगणकाने आधी सांगितले आणि ते तसेच घडले. मॅकहेन्री यांच्याच 'स्मॅक' आणि 'क्रॅश' या प्रणालींनी मग उलटा प्रवास केला. गाड्या कुठे थांबल्या आणि पत्रा किती आत दबला, यावरून धडकेच्या क्षणाचा वेग काढायचा.

१९८४ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील न्यायालयात 'पीपल विरुद्ध मॅकह्यू' खटल्यात बचाव पक्षाने मोटार अपघाताची संगणकीय पुनर्निर्मिती दाखवण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. नकाशा हाताने काढला काय किंवा संगणकाने काढला काय, फरक नाही, असा न्यायाधीशांचा रोख होता. मला हे पूर्ण पटत नाही. पंचनाम्यातल्या कच्च्या नकाशाकडे कोणीही 'हेच घडले' म्हणून पाहत नाही. त्याचा कच्चेपणाच त्याची मर्यादा सांगत असतो. अ‍ॅनिमेशनमधली गाडी मात्र चकचकीत असते, तिची सावली पडते, ती एका ठरावीक वेगाने येते. तज्ज्ञाच्या कागदावर '५५ ते ७०' असे लिहिलेले असते, पण पडद्यावरच्या गाडीला त्यातला एकच आकडा निवडावा लागतो. म्हणूनच पुढे न्यायालयांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. सिम्युलेशन म्हणजे भौतिकशास्त्राच्या समीकरणांतून निघालेला निष्कर्ष, तो स्वतंत्र पुरावा म्हणून कसाला लावायचा. अ‍ॅनिमेशन म्हणजे तज्ज्ञाचे मत चित्रात, ते साक्ष समजायला मदत करते, एवढेच.

पुनर्रचनेचे सामर्थ्य आणि हतबलता दोन्ही दाखवणारा अपघात ३१ ऑगस्ट १९९७च्या मध्यरात्रीनंतरचा, पॅरिसच्या आल्मा पुलाखालच्या बोगद्यातला. राजकुमारी डायना, डोडी फायद आणि चालक आन्री पॉल मरण पावले. वेगमापकाचा काटा ताशी १९६ किलोमीटरवर अडकला होता, अशी बातमी लगेच जगभर गेली. आपल्याकडच्या चहाच्या टपऱ्यांवरही ती पोहोचली होती. पुढे 'ऑपरेशन पॅजेट' या ब्रिटिश पोलीस चौकशीत बोगद्याचे लेझरने मोजमाप करून संगणकीय प्रतिरूप बनवले गेले आणि ट्रान्सपोर्ट रिसर्च लॅबोरेटरीच्या तज्ज्ञांनी हिशेब मांडला. तेराव्या खांबावर आदळताना मर्सिडीजचा वेग ताशी ६१ ते ६३ मैल, म्हणजे साधारण १०० किलोमीटर होता. हद्द ५०ची, तेव्हा गाडी वेगात होतीच, पण बातमीच्या निम्म्या वेगात. मर्सिडीजवरचा पांढरा रंग आणि बोगद्यात पडलेले मागच्या दिव्याचे तुकडे यांवरून तिची एका पांढऱ्या फियाट उनोशी घसट झाल्याचेही ठरले. डिसेंबर २००६मध्ये ८३२ पानांचा अहवाल निघाला. कटाच्या कहाण्या त्याने थांबल्या का? नाही. वेग काढता येतो, हेतू काढता येत नाही, आणि लोकांना कुतूहल हेतूचे असते. ७ एप्रिल २००८ला ज्यूरीने आन्री पॉल आणि पाठलाग करणाऱ्या वाहनांच्या घोर निष्काळजीपणाला दोष दिला आणि मृतांनी सीटबेल्ट लावले नव्हते, हे कारणही नोंदवले.

दरम्यान काळे ओरखडे दुर्मीळ होत गेले. १९७८ पासून आलेल्या अँटिलॉक ब्रेकमुळे चाके लॉक होत नाहीत, त्यामुळे खूण फिकट उमटते किंवा उमटतच नाही. त्यांची जागा घेतली एअरबॅगच्या यंत्रणेतल्या एका छोट्या चिपने. धडकेआधीच्या शेवटच्या काही सेकंदांचा वेग, ब्रेक आणि सीटबेल्टची स्थिती ती लिहून ठेवते.

४ सप्टेंबर २०२२ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्याला धडकली तेव्हा ही चिप मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आली. कंपनीने पोलिसांना कळवलेले आकडे प्रसिद्ध झाले: पाच सेकंद आधी ताशी १००, ब्रेक दाबल्यावर धडकेच्या क्षणी ८९. तिथे तीन पदरी रस्ता पुलावर दोन पदरी होतो, ही गोष्ट चिपमध्ये नव्हती. ती जागेवर उभे राहूनच दिसत होती. मरण पावलेले दोघेही मागच्या आसनावर होते आणि दोघांनीही पट्टे लावले नव्हते. दोन महिने होण्याच्या आत, १ नोव्हेंबरपासून, मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी मागे बसणाऱ्यांनाही सीटबेल्ट सक्तीचा केला.