मुलाखतीच्या दाराचा इतिहास

आमच्या आसगावसारख्या गावातली एखादी मुलगी भंडाऱ्याला किंवा नागपूरला राहून एलएल.बी. होते. मग तिला कळते की मुंबईत सॉलिसिटर नावाचे वेगळेच वकील असतात आणि त्यांच्या फर्ममध्ये शिकाऊ म्हणून लागायचे तर मुलाखत द्यावी लागते. मोठ्या फर्ममध्ये, विशेषतः विलायतेतल्या, तर दिवसभर पारख चालते. सकाळी गटचर्चा, मग एक जाडजूड फाईल वाचून टिपण लिहायचे आणि शेवटी मुलाखत. मुलगी धास्तावते. हे सगळे इंग्रजी शाळेत शिकलेल्या, मोठ्या घरच्या मुलांसाठी आहे असे तिला वाटते. तिच्या या धास्तीला मोठा इतिहास आहे. आज त्याविषयीच थोडे बोलू.

मुंबई हायकोर्ट १८६२ साली सुरू झाले. तिथल्या ओरिजिनल साइडला कामाची वाटणी असे. पक्षकार आधी सॉलिसिटरकडे जाई. सॉलिसिटर कागद तपासी, दावा तयार करी आणि बॅरिस्टर नेमी. कोर्टात उभे राहून बोलण्याचे काम बॅरिस्टरचे. म्हणजे बॅरिस्टर कितीही हुशार असला तरी सॉलिसिटरने काम पाठवल्याशिवाय त्याला तिथे तोंड उघडता येत नसे. सॉलिसिटर व्हायचे तर जुन्या सॉलिसिटरच्या हाताखाली काही वर्षे काढावी लागत. ही आर्टिकलशिप. शायरीत शागीर्द आपली गझल उस्तादापुढे ठेवतो, उस्ताद ती दुरुस्त करून देतो, त्याला इस्लाह म्हणतात. आर्टिकलशिप ही मसुद्यांची इस्लाहच म्हणा ना! फरक एवढाच की इंग्लंडात शिष्य ठेवून घेण्यासाठी त्याच्या घरच्यांकडून बहुधा मोठी रक्कम घेतली जाई. तिथे १८३६ पासून परीक्षा सुरू झाली, पण परीक्षेपर्यंत पोचण्याची वाट ओळखीतून आणि पैशातूनच जात होती.

मुंबईचे व्यापारी तय्यब अली यांनी ही वाट आपल्या मुलांसाठी मोकळी केली. त्यांचे चिरंजीव कमरुद्दीन तय्यबजी हे इंग्लंडात सॉलिसिटर म्हणून प्रवेश मिळालेले पहिले भारतीय. त्यांच्यामागोमाग धाकटे बदरुद्दीन १८६० साली विलायतेला गेले. डोळ्यांच्या दुखण्याने मध्येच परतावे लागले, तरी ते पुन्हा गेले आणि १८६७ साली बॅरिस्टर झाले. पुढे १८८७ साली ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. न्यायमूर्ती असताना १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना जामीन दिला तो त्यांनीच. त्यांच्या बुद्धीविषयी शंका नाही. पण नव्या बॅरिस्टरच्या घरातच एक सॉलिसिटर असणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

ज्याच्या घरात असे कोणी नव्हते त्याचे काय झाले? डॉ. बाबासाहेब आंबेडकर ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन आले आणि १९२३ साली त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या गाठीशी होत्या. तरी अस्पृश्य म्हणून सॉलिसिटर मंडळी त्यांच्याकडे काम पाठवीनात. बाबासाहेबांना अपिलांच्या आणि मुफसलच्या कामांवर भागवावे लागले. जोडीला शिकवण्याची नोकरी धरावी लागली. १९५४ साली पोटनिवडणुकीला उभे राहिलेल्या बाबासाहेबांची आठवण भंडारा जिल्ह्यात अजून निघते. त्यांच्या वकिलीच्या सुरुवातीचे हे दिवसही आपण लक्षात ठेवायला हवेत.

स्त्रियांसाठी तर दारच नव्हते. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ साली ऑक्सफर्डमध्ये कायद्याच्या परीक्षेला बसल्या. लंडनच्या एका सॉलिसिटर फर्ममध्ये त्यांनी काही काळ कामही शिकून घेतले. पण वकिलीची रीतसर सनद मिळण्यासाठी स्त्रियांना १९२३ च्या कायद्याची वाट पाहावी लागली. इंग्लंडातही १९१३ साली सॉलिसिटरच्या परीक्षेला बसू द्या म्हणून काही स्त्रिया कोर्टात गेल्या, तेव्हा कायद्यातल्या 'व्यक्ती' या शब्दात स्त्री येत नाही असा निकाल मिळाला! तो अडसर १९१९ च्या कायद्याने निघाला आणि १९२२ साली तिथे पहिली स्त्री सॉलिसिटर झाली.

आता दिवसभराच्या पारखीकडे येऊ. ही पद्धत फर्मवाल्यांनी शोधलेली नाही, ती लष्करातून आली आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याला अधिकारी कमी पडू लागले. तोवर घराणे आणि शाळा पाहून, थोडक्यात मुलाखत घेऊन निवड होई. निवडलेल्यांपैकी बरेच प्रशिक्षणात टिकेनात. म्हणून १९४२ साली नवी निवड मंडळे स्थापन झाली. आठ-दहा जणांना एकत्र काम द्यायचे, पुढारी नेमायचा नाही, आणि कोण कसा वागतो ते पाहायचे. आपल्याकडचे एसएसबी त्याच पद्धतीचे. मग कंपन्यांनी आणि वकिलांच्या फर्मनी ती उचलली. मूळ हेतू हा की माणूस कोणाचा, यापेक्षा तो काम कसे करतो ते दिसावे.

मुंबईतली सॉलिसिटर-बॅरिस्टर ही जुनी वाटणी १९७६ च्या दुरुस्तीने संपली. पण १८९४ साली स्थापन झालेल्या बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीने तीन वर्षांची आर्टिकलशिप आणि परीक्षा ही परंपरा पुढे चालवली. इंग्लंडात २०२१ पासून सर्वांना एकच परीक्षा आणि दोन वर्षांचा अनुभव अशी पद्धत आली. ओळख आजही चालते आणि फाडफाड इंग्रजी आजही भाव खाते, हे मी नाकारत नाही. पण पूर्वी ओळखीशिवाय उंबरठाही ओलांडता येत नव्हता. आज निदान टेबलापर्यंत पोचता येते.

मग तयारी कशाची करायची? फाईल मिळाली की आधी तारखा क्रमाने मांडा. कोणाला काय हवे आहे आणि कोणता कागद कमी आहे, ते लिहा. गटात दुसऱ्याचे बोलणे पूर्ण ऐका, मग त्याला जोडून आपले म्हणा. गप्प बसलेल्याला बोलते करा. फर्मचे काम काय आहे ते वाचून जा. आणि आपली शिदोरी कमी समजू नका. जिने तलाठ्याकडे सातबारा आणि फेरफार पाहिले आहेत, काकांना गहाणखताचा अर्थ सोप्या मराठीत समजावून सांगितला आहे, भावकीतल्या वाटणीत दोन्ही बाजूंचे ऐकून घेतले आहे, तिने सॉलिसिटरचे निम्मे काम गावातच केलेले असते. मुलाखतीत 'तुमच्याविषयी सांगा' म्हटले की हेच सांगावे, न लाजता. कमरुद्दीनच्या वेळी असे विचारणारे कोणी नव्हते, आणि बाबासाहेबांना तर कोणी विचारलेच नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)