मुद्रा कोणाची?



चंदन नदीच्या काठची ही रामपायली नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होती. १८५४ साली ते राज्य खालसा झाले. तोवर सनदेचा खरेपणा पाहताना अक्षराइतकेच महत्त्व शिक्क्याला असे. तो सांभाळण्यासाठी दरबारात शिक्केनवीस नेमलेला असे. मात्र मुद्रेवर नाव कोरलेल्या अधिकाऱ्याची सत्ता त्याची स्वतःची असते काय, हा प्रश्न त्याहून जुना आहे.

१८७९ साली इंग्लंडातील वॉलिंगफर्ड येथे अकराव्या शतकातील एक हस्तिदंती मुद्रा सापडली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यावर खड्गधारी पुरुष असून भोवतीच्या लॅटिन अक्षरांत ही मुद्रा गॉडविन या राजसेवकाची असल्याचे म्हटले आहे. त्याचा राजा कोण, हे मात्र तिच्यावर नाही. मागील बाजूस गॉडगिथा नावाच्या संन्यासिनीची मुद्रा कोरली आहे. ती नंतरची, असे अभ्यासक मानतात. नाव व्यक्तीचे असल्याने तिचा काळ सरताच हस्तिदंत दुसऱ्याच्या कामी आला.

आपल्याकडील रीत निराळी होती. १६४६ च्या पत्रावर आढळणारी शिवाजीमहाराजांची अष्टकोनी संस्कृत मुद्रा प्रसिद्धच आहे. तिच्या परंपरेत पेशव्यांनी आपल्या मुद्रेवर आधी छत्रपतींचे नाव घातले व मग स्वतःचे. बाळाजी बाजीरावांसारखा प्रबळ प्रधानही धन्याचे नाव वगळून आपली मुद्रा कोरवीत नसे. अधिकार उसना आहे, याची ही रोजची आठवण होती.

दुसरे बंधन मोर्तबाचे. शिक्का पत्राच्या माथ्याशी, तर लहानसे मोर्तब मजकुराच्या अखेरीस. लेखनाची सीमा येथे संपली, असा त्याचा अर्थ. त्याखाली कोणी ओळ घुसडली, तर ती आपोआप खोटी ठरे. म्हणजे शिक्का अधिकार देई आणि मोर्तब त्याला मर्यादा घाली.

१८५४ नंतर भोसल्यांच्या शिक्क्यांचा अंमल संपला. धातू तोच, अक्षरेही तीच. पण मागचे राज्य गेले होते. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द मात्र आपल्या भाषेत उरला. या शाळेतून बाहेर पडलेल्या ज्यांच्या हाती आज सही वा शिक्का आहे, त्यांनी या जोडशब्दाचा उत्तरार्ध विसरू नये, एवढीच प्रार्थना.