असिस्टंट डायरेक्टरला पैसे किती मिळतात? आणि कधी?

असिस्टंट डायरेक्टरच्या, म्हणजे 'एडी'च्या, पगाराचा एकच आकडा सांगता येत नाही. कारण बहुतेकांना पगारच नसतो. सिनेमात सगळ्या कामाची मिळून एक रक्कम ठरते आणि ती हप्त्यांनी मिळते. मालिकेत हिशेब महिन्यावर किंवा दिवसावर. जाहिरातीत दिवसाचा दर चांगला, पण शूटिंग दोन-चार दिवसांतच संपतं.

पूर्वी स्टुडिओ नोकरी द्यायचे. गुरुदत्त १९४४ मध्ये पुण्याच्या 'प्रभात'मध्ये लागले ते तीन वर्षांच्या करारावर, आणि तिथेच सहाय्यक दिग्दर्शनाचं काम शिकले.

आता दर ठरतो तो पद, अनुभव आणि निर्मात्याच्या बजेटवर. शेड्यूल लावणारा, सेट हलता ठेवणारा फर्स्ट एडी सगळ्यात वर. कंटिन्युइटी, कपडे, क्लॅप सांभाळणारे त्याच्या खाली. अगदी नवख्याला तर 'शिकायला मिळतंय ना' म्हणत कधी कधी फक्त प्रवासखर्चावर राबवतात.

खरी गोम तारखेत आहे. टीव्ही क्षेत्रात काम झाल्यावर ९० दिवसांनी पैसे देण्याची जुनी पद्धत. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला होता. बुलढाणा जिल्ह्यातल्या बीबीसारख्या गावातून मुंबईत आलेल्या मुलासाठी याचा अर्थ सरळ आहे: पहिले तीन महिने खोलीचं भाडं, लोकलचा पास, जेवण, सगळं घरच्या पैशांवर.

म्हणून काम घेताना नुसती रक्कम विचारू नका. प्री-प्रॉडक्शनचे दिवस त्यात धरलेत का? शूटिंग लांबलं तर वाढीव पैसे मिळणार का? शेवटचा हप्ता कोणत्या तारखेला? करार नसेल, तर निदान व्हॉट्सॲपवर उत्तरं लिहून घ्या.