माजी मंत्री आणि फुटबॉल क्लबचे अध्यक्षपद

राजकारणातून बाहेर पडलेला नेता फुटबॉल क्लबचा अध्यक्ष म्हणून कितपत योग्य ठरतो, हे पाहण्यासाठी ग्लासगोच्या सेल्टिक क्लबचे उदाहरण बोलके आहे. ब्रिटनचे माजी गृहमंत्री जॉन रीड यांनी २००७ मध्ये या क्लबचे अध्यक्षपद स्वीकारले व २०११ पर्यंत सांभाळले.

गरीब आयरिश स्थलांतरितांच्या मदतीसाठी १८८७ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबचे रीड जुने चाहते. तरीही इराक युद्धाचे समर्थन करणारा मंत्री नको, असे म्हणत समर्थकांच्या एका गटाने त्यांना विरोध केला. नेता पद सोडतो. त्याचे निर्णय मात्र त्याच्याबरोबर येतात.

सेल्टिकमध्ये दैनंदिन कारभार मुख्य कार्यकारी अधिकारी पाहतो. अध्यक्षाने संचालक मंडळाला दिशा द्यायची, भागधारकांना उत्तरे द्यायची आणि क्लबची बाजू मांडायची असते. २०१० मध्ये एका पंचाने पेनल्टीचा निर्णय फिरवून त्याविषयी दिशाभूल करणारा खुलासा केला, तेव्हा रीड यांनी वार्षिक सभेत त्याच्या राजीनाम्याची उघड मागणी केली. पुढे तो पंच निवृत्त झाला. मात्र वाढत्या टीकेमुळे स्कॉटलंडमधील पंचांनी संपही केला.

रीड यांच्या काळात क्लबने २००७-०८ ची लीग जिंकली. पुढील तिन्ही विजेतेपदे रेंजर्सकडे गेली. या यशापयशाचे माप अध्यक्षाच्या पदरी टाकणे योग्य नव्हे. वक्तृत्व आणि संघर्षाची सवय ही राजकारण्याची जमेची बाजू. समर्थकांमध्ये फूट पाडणारा भूतकाळ ही त्याची किंमत. ती मोजायची की नाही, हे क्लबने नेमणुकीपूर्वीच ठरवावे.